पाठमोरं भाषण

सलूनवाल्या दादांना दोन नावं होती. वॉर्डात सगळे त्यांना बडबडदादा म्हणत आणि महापालिकेच्या सभागृहात मौनीबाबा. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे कळलं की नवख्या माणसाला वाटायचं, यात काहीतरी घोटाळा आहे. घोटाळा होताच. पण तो काय आहे हे खुद्द दादांनाही तीन वर्षं उमगलं नव्हतं.

वॉर्डातलं नाव आधीचं. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं सलून. दोन फिरत्या खुर्च्या, समोर भिंतभर आरसा आणि मागे थांबलेल्या गिऱ्हाइकांसाठी एक लांब बाकडं. दादांनी गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती चादर बांधली की कात्री आणि जीभ एकदमच सुरू व्हायची. गटाराचं फुटलेलं झाकण, बसथांब्याचं उडालेलं छप्पर, दवाखान्यातली लांबलचक रांग, कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असे. चादरीतला माणूस ते मुकाट्यानं ऐकून घेई, कारण अर्धं डोकं कापलेलं असताना तो उठून जाणार कुठे? निवडणूक आली तेव्हा लोकांनीच परस्पर ठरवून टाकलं. "या माणसाला सभागृहात पाठवा. बाकीच्यांना तोंड उघडायला मिळायचं नाही!" आणि दादा भरघोस मतांनी निवडून आले.

पहिल्याच सभेत त्यांच्या वॉर्डातल्या नळाचा विषय निघाला. "बोला, सन्माननीय सदस्य," महापौरबाई म्हणाल्या. दादांची जागा शेवटच्या रांगेत. ते उठून उभे राहिले तसे पुढच्या सगळ्या रांगांतले सदस्य माना वळवून त्यांच्याकडे बघू लागले. त्यातले चार-पाच तर त्यांचीच गिऱ्हाइकं. पण ते चेहरे दादांना काही केल्या ओळखीचे वाटेनात. नाकं तीच, मिशा त्याच, तरी काहीतरी भलतंच.

"मा...," दादा म्हणाले. "मा... मा..."

एवढं बोलून ते खाली बसले. नगरसचिवांनी इतिवृत्तात नोंद केली, 'सदस्यांनी आपले विचार थोडक्यात मांडले.'

त्यानंतर तीन वर्षं दादांनी तेवढेही विचार मांडले नाहीत. ते वेळेवर येत, सही करत, चहा घेत आणि पुढच्या माणसांच्या डोक्यांची मागची बाजू बघत बसत. त्या बाजूचं मात्र त्यांना सखोल ज्ञान झालं. कुणाचे कान लाल झाले म्हणजे तो आता ओरडणार, कुणी मानेवरून हात फिरवला म्हणजे त्याला विषय कळलेला नाही, हे त्यांना आधीच समजे. फक्त पहिल्या रांगेतले हरकतकाका त्यांना वाचता येत नसत. हे गृहस्थ प्रत्येक विषयावर हरकत घेत, एकदा तर त्यांनी चहा वेळेआधी आला म्हणून घेतली होती. पण त्यांच्या डोक्यावर वाचण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आता कुणी म्हणेल, असला नगरसेवक काय कामाचा? तर तसंही नाही. दादांची कामं सलूनमध्ये होत. महापालिकेचा अभियंता केस कापायला आला की दादा आधी त्याची डावी बाजू कापून घेत. मग कात्री थांबे.

"साहेब, ते गटाराचं झाकण."

"बघतो ना दादा."

"कधी बघता?"

"पुढच्या आठवड्यात."

"मग उजवी बाजू पण पुढच्याच आठवड्यात करू."

झाकण त्याच संध्याकाळी बसे. नळाचा प्रश्न पाणीखात्याच्या साहेबांच्या दाढीला फेस लावून सुटला होता, आणि रस्त्यावरचे सात खड्डे एका मुंडणात बुजले होते. लोक खूश होते. सभागृहात तोंड उघडण्याची वेळच दादांवर आली नाही.

ती आली वाचनालयामुळे.

वॉर्ड ऑफिसच्या वर महापालिकेची एक खोली होती. तिथे दोन वर्तमानपत्रं, एक टेबल, तीन धड खुर्च्या आणि सात म्हातारे असत. सातांपैकी तिघं बसत, चौघं पाळीची वाट बघत उभे राहत. या सातांचे पुढारी म्हणजे दादांचे सासरे. हे निवृत्त शाळा तपासनीस. मुलीकडेच राहायचे. तपासण्याची सवय नोकरीबरोबर सुटली नव्हती. ते ताटातलं जेवण तपासत, वाळत घातलेले कपडे तपासत आणि प्रत्येक गोष्टीवर शेरा देत. 'वरण समाधानकारक. मीठ प्रयत्न करूनही जमलेले नाही.' पण दहा वाजले की काठी घेऊन ते वाचनालयात जात, लाल पेन्सिलीनं अख्खं वर्तमानपत्र तपासत आणि पाच वाजता दमून भागून, माणसासारखे घरी येत. दादांच्या संसाराचं सुख या दहा ते पाचवर उभं होतं.

एके दिवशी वाचनालयाच्या दारावर नोटीस लागली. सभागृहासाठी नव्या गुबगुबीत खुर्च्या आल्या होत्या. जुन्या एक्केचाळीस खुर्च्या ठेवायला जागा हवी होती. म्हणून वाचनालय बंद करून खोली खुर्च्यांना द्यावी, असा प्रस्ताव येत्या सभेत मांडला जाणार होता. सभेला पंधरा दिवस होते.

दादांनी आधी नेहमीचा उपाय केला. वॉर्ड ऑफिसचे साहेब आले, त्यांची डावी बाजू कापून झाली आणि कात्री थांबली. पण या वेळी साहेब चादरीतून हात जोडून म्हणाले, "दादा, हवं तर असाच अर्धा घरी जातो. पण तो विषय सभागृहाचा आहे, माझ्या हातात काही नाही. सभागृहात तुम्हालाच बोलायला हवं."

दादांनी मुकाट्यानं उजवी बाजू कापली. त्या दिवशी ते हवामानावरसुद्धा बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता सात म्हातारे सलूनमध्ये हजर.

"जावईबापू," सासरेबुवा काठी टेकवत म्हणाले, "वाचनालय बंद झाल्यावर आम्ही इथेच बसणार. जागा पुरते का ते आधी पाहून घ्यावं म्हणून आलो."

"पण मामा, हे सलून आहे," दादा आरशात बघून म्हणाले.

"वर्तमानपत्र येतं ना? पंखा आहे ना? मग झालं तर!"

सातही जण बाकड्यावर ओळीनं बसले. गिऱ्हाइकं दारात उभी राहिली. खुर्चीत एक बँकेतला कारकून होता. दादांनी त्याच्या केसांना कात्री लावली.

"डावा कल्ला वर गेलाय," सासरेबुवा म्हणाले.

"अर्धं बोट," दुसरे म्हणाले.

"अर्धं कसलं, चांगलं बोटभर आहे. चष्मा पुसा तुमचा!"

"मुळात या चेहऱ्याला भांग शोभत नाही," तिसऱ्यांनी वर्तमानपत्रामागून मत दिलं.

कारकुनाला घाम फुटला. तो आरशात डोकं इकडे तिकडे वळवून बघू लागला. त्यामुळे कात्री खरंच घसरली आणि डावा कल्ला बोटभर वर गेला. "बघा! मी म्हटलं नव्हतं?" सासरेबुवा आनंदानं म्हणाले, आणि लाल पेन्सिल काढून भिंतीवरच्या दरपत्रकात दोन चुका दुरुस्त केल्या. दुपारपर्यंत पाच गिऱ्हाइकं दारातूनच परतली. संध्याकाळी शेरा मिळाला, 'बैठक व्यवस्था बरी. कारागिराचे लक्ष विचलित होते.'

"अहो, हे असंच चालू राहिलं तर पंधरा दिवसांनी सलूनला कुलूप लागेल," बायको रात्रीच्या जेवणाची भांडी घासता घासता म्हणाली.

"मला का कळत नाही? अगं, एक माणूस तर अर्ध्या दाढीनं पळाला. फेस पुसायचा टॉवेलही घेऊन गेला. आणि तुझे वडील त्याला वर म्हणतात, 'पाठीचा कणा ताठ ठेव!' पण त्यांना तरी काय बोलणार? सत्तरीच्या पुढची माणसं. जाणार कुठे? आज बाकड्यावर बसले होते ना, तर मामा सारखे घड्याळाकडे बघत होते. पाच कधी वाजतात म्हणून. वाचनालयात त्यांना पाच वाजलेले कळत नाहीत. ती खोली गेली ना, तर—"

"मग हेच सगळं सभागृहात बोला की."

दादांनी पाण्याचा तांब्या उचलून तोंडाला लावला.

बायको हात पुसत वळली. "हं, बोला. मी महापौर आहे असं समजा."

"मा...," दादा म्हणाले. "मा... मा..."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. मग काय सुचलं कोण जाणे, ती पुन्हा भांड्यांकडे वळली. "बरं, राहू दे. तो टॉवेल कुठला नेला त्यानं? निळा की पांढरा?"

"पांढरा! नवा कोरा! आणि त्याला मी मागून हाका मारतोय तर—"

ती गर्रकन वळली. दादांचा आवाज बटण बंद केल्यासारखा थांबला. ती भांड्यांकडे वळली. दादा पुन्हा सुरू. तीन वेळा असं झालं.

"अहो," बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून शेवटचं कधी बोललात?"

दादांनी जमिनीकडे बघत पुष्कळ विचार केला. "लग्न ठरलं तेव्हा."

"तेव्हा तुम्ही चपलेकडे बघत होतात. मला वाटलं, चप्पल आवडली असेल."

ती आत गेली आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहून केस विंचरू लागली. "आता इथून बोला."

दादा तिच्या मागे उभे राहिले. आरशातल्या तिच्या डोळ्यांत बघून त्यांनी वाचनालयावर पंधरा मिनिटं असं काही भाषण केलं की शेवटी तिनंच टाळी वाजवली. घोटाळा असा होता. तीस वर्षं दादा माणसांशी बोलले ते एक तर त्यांच्या मागे उभं राहून, नाही तर आरशात बघून. त्यांच्या लेखी माणसाचं तोंड म्हणजे आरशातलं तोंड. सरळ समोर आलं की भांग भलत्या बाजूला जायचा, तीळ या गालावरून त्या गालावर उडी मारायचा, आणि ओळखीतला माणूस परका होऊन जायचा.

"घरी चालतं गं," दादा म्हणाले. "पण सभागृहात आरसा कुठून आणू?"

दुसऱ्या दिवशी तिनं सलूनमधला हातआरसा, मागचे केस नीट कापलेत का ते गिऱ्हाइकाला दाखवायचा तो, घासून पुसून लखलखीत केला आणि पिशवीत घातला.

सभेच्या दिवशी सातही म्हातारे इस्त्रीचे कपडे घालून प्रेक्षकांच्या सज्जात बसले. नव्या खुर्च्या इतक्या मऊ होत्या की सदस्य हनुवटीपर्यंत आत गेले होते. वाचनालयाचा विषय पुकारला गेला. "कुणाला काही बोलायचंय?" महापौरबाईंनी सवयीनं विचारलं आणि सवयीनंच हात हातोडीकडे नेला.

शेवटच्या रांगेत दादा उभे राहिले.

सभागृहात खळबळ माजली. चाळीस तोंडं त्यांच्याकडे वळली. "मा...," ते म्हणाले, आणि वरच्या सज्जात सासरेबुवांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात दादा वळले. त्यांनी सभागृहाकडे सपशेल पाठ केली, पिशवीतून आरसा काढला आणि डोळ्यांसमोर धरला. आरशात सगळं सभागृह आलं. चेहरे ओळखीचे झाले. भांग जागेवर आले.

"हां! नमस्कार महापौरबाई," दादा भिंतीकडे बघून मोकळ्या गळ्यानं म्हणाले.

"हरकत!" हरकतकाका खुर्चीतून वर येण्याची धडपड करत ओरडले. "सदस्यांनी सभागृहाला पाठ दाखवली आहे! हा अपमान आहे!"

महापौरबाईंनी नगरसचिवांकडे बघितलं. नगरसचिवांनी नियमांचं जाडजूड पुस्तक उघडलं, बोट फिरवलं, चष्मा बदलला, पुन्हा बोट फिरवलं. "सदस्यानं उभं राहून अध्यक्षांना उद्देशून बोलावं, एवढंच आहे. तोंड कोणत्या दिशेला असावं याबाबत नियम नाही."

"पण मी तुम्हाला दिसते का?" महापौरबाईंनी विचारलं.

"स्वच्छ दिसता. पदराला शाईचा डाग लागलाय, तोही दिसतो."

महापौरबाईंनी घाईघाईनं पदर फिरवून घेतला. "बोला."

आणि बडबडदादा बोलले. तीन वर्षांचं तुंबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. वाचनालयावरून ते दवाखान्याच्या रांगेवर गेले, तिथून बसथांब्यावर, तिथून परत वाचनालयावर. मध्येच दुसऱ्या रांगेतल्या सदस्याला त्यांनी विचारलं, "मुलीची परीक्षा कशी झाली?" तो सदस्य चकित होऊन म्हणाला, "गणित सोडून बरी झाली." तिसऱ्या रांगेतल्याला सांगितलं, "तुमचा कोंडा अजून गेला नाही, इथून दिसतो." बोलता बोलता आरशातल्या डोक्यांची गर्दी त्यांना आडवी येऊ लागली आणि तीस वर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मान खाली, मान जरा खाली घ्या."

अख्ख्या सभागृहानं माना खाली घातल्या. हरकतकाकांनीही घातली. त्यांचं सलूनशी नातं तुटून वीस वर्षं झाली होती, पण मान विसरली नव्हती.

त्या शांततेत, दूर व्यासपीठाच्या वर, दादांना आरशात सज्जातले सात म्हातारे दिसले. सासरेबुवा सभागृहातल्या घड्याळाकडे बघत नव्हते. जावयाच्या पाठीकडे बघत होते. दादा एकदम मुद्द्यावर आले.

"महापौरबाई, तुम्हाला जुन्या खुर्च्या ठेवायला खोली हवी. बरोबर?"

"बरोबर."

"आणि आमच्या म्हाताऱ्यांकडे खोली आहे, पण चौघांना बसायला खुर्च्या नाहीत."

"मग?"

"मग ठेवा की खुर्च्या तिथे! आम्ही कुठे नाही म्हणतो? फक्त रिकाम्या कशाला ठेवायच्या? सातांवर माणसं बसतील. उरलेल्या भिंतीला लावून ठेवू. धूळ पण बसणार नाही."

इतकी साधी गोष्ट त्या सभागृहात फार दिवसांत कुणी बोललं नव्हतं. "माझं अनुमोदन," गणित सोडून बरी झालेल्या मुलीचा बाप म्हणाला.

मतदान झालं. वीस हात विरोधात. बाजूचे मोजले तर वीस हात आणि एक आरसा.

"हरकत!" हरकतकाका म्हणाले. "आरसा म्हणजे हात नव्हे!"

नगरसचिव पुन्हा पुस्तक उघडणार एवढ्यात महापौरबाई म्हणाल्या, "आरसा कुणी धरलाय? हातानंच ना? एकवीस. मंजूर!" आणि त्यांनी हातोडी आपटली. नगरसचिवांनी इतिवृत्तात लिहिलं, 'सदर खुर्च्या वाचनालयात ठेवण्यात याव्यात व त्यांची देखभाल वाचकांनी त्यांवर बसून करावी.'

घरी येताना सासरेबुवा काठी टेकत पुढे चालले होते. दादा त्यांच्या मागून वाटभर बोलत होते. दाराशी आल्यावर सासरेबुवा थांबले. "विषयांतर फार," ते म्हणाले. मग उंबरा ओलांडता ओलांडता, "एकूण उत्तम." आणि आत गेले. बायको म्हणाली, हा शेरा त्यांनी चाळीस वर्षांत फक्त दोन शाळांना दिला होता.

गोष्ट इथेच संपली असती तर दादांना चाललं असतं. पण खुर्च्या आल्या. एक्केचाळीस खुर्च्या त्या खोलीत गेल्यावर टेबल बाहेर काढावं लागलं आणि म्हाताऱ्यांना आपापल्या जागी खुर्च्यांवरून चढून जावं लागू लागलं. त्यात महापौरांची जुनी खुर्ची होती, उंच पाठीची आणि चाकांची. ती अर्थातच सासरेबुवांकडे गेली. सभागृहातल्या खुर्च्यांना काही गुण चिकटलेला असतो की काय, देव जाणे. आठवड्याच्या आत वाचनालयात रोज अकरा वाजता सभा भरू लागली. एक जण प्रस्ताव मांडी, दुसरा हरकत घेई, तिसरा इतिवृत्त लिही. महिना उलटायच्या आत सलूनमध्ये ठरावाची प्रत आली, लाल पेन्सिलीनं लिहिलेली. 'वर्तमानपत्रांची संख्या दोनच का, याचा खुलासा करण्यासाठी स्थानिक नगरसेवकांनी वाचनालयासमोर जातीनं हजर राहावं.'

दादा खुर्च्यांवरून चढत आत गेले. सात म्हातारे अर्धवर्तुळात बसले होते आणि सातही जण थेट त्यांच्या तोंडाकडे बघत होते. दादांचा हात खिशाकडे गेला. आरसा सलूनमध्येच राहिला होता.

"बोला, सन्माननीय सदस्य," सासरेबुवा म्हणाले.

"मा...," दादा म्हणाले. "मा... मामा..."

मग सासरेबुवांनी काठी जमिनीवर टेकवली, पाय रेटला आणि उंच पाठीची ती खुर्ची कुरकुरत, हळूहळू, पूर्ण गोल फिरवून भिंतीकडे केली. बाकीच्या खुर्च्यांना चाकं नव्हती. सहा म्हातारे एकमेकांवर खेकसत उठले, एकमेकांच्या पायावर खुर्च्या ठेवत त्यांनी त्या फिरवल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"हं," भिंतीकडून सासरेबुवांचा आवाज आला. "आता बोला, जावईबापू."

दादांसमोर सात डोक्यांची मागची बाजू होती. त्यांनी खुर्चीच्या पाठीवरून सासरेबुवांचे मानेवरचे केस बघितले, बोटांनी अंदाज घेतला, आणि त्यांचा गळा मोकळा झाला.

"आधी मला सांगा मामा, दोन महिने झाले, तुम्ही केस का कापून घेतले नाहीत?"